बोर्डावरचा आवाज

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी आमच्या घरात दोन बायकांची जुंपली, आणि तीही सत्तर वर्षांपूर्वीच्या एका सिनेमावरून. टीव्हीवर १९५३ सालचा ‘अनारकली’ लागला होता. बीना राय, प्रदीप कुमार आणि मुख्य म्हणजे सी. रामचंद्रांचं संगीत. आमच्याकडे त्यांना ‘चितळकर अण्णा’ म्हणतात, जणू ते शेजारच्या वाड्यात राहायचे. माई आत्या गाण्यांसाठी बसली होती, आई आत्याला सोबत म्हणून आणि मी पंख्याखाली जागा मिळाली म्हणून.

नामावलीत ‘सुलोचना’ हे नाव आलं तशी आई म्हणाली, “बघ, आपल्या दीदी आहेत यात.”

आत्याने चष्मा वर सरकवला. “छे गं! या दीदी नव्हेत. ही रुबी.”

“कोण रुबी?”

“रुबी मायर्स. सलीमच्या आईचं काम केलंय तिनं. पूर्वीची फार मोठी नटी होती. आमच्यातलीच, टेलिफोनवाली.”

आईला ते काही पटेना. पुढचा अर्धा तास जोधाबाई पडद्यावर आली की एक म्हणायची “दीदीच आहेत” आणि दुसरी म्हणायची “डोळे तपासून घे”. सलीम-अनारकलीकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही.

आता यात आईची तरी काय चूक? सुलोचना म्हटलं की मराठी माणसाला दोघीच आठवतात. एक सुलोचनादीदी, म्हणजे लाटकर. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी आणि हिंदीतल्या निम्म्याअधिक हिरोंचं आईपण. दुसरी सुलोचना चव्हाण, लावणीचा ठसका. दीदींना हे नाव कोल्हापुरात भालजी पेंढारकरांनी दिलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या दोघींच्या आधीही एक सुलोचना होऊन गेली, हे मात्र फारसं कोणाच्या गावी नसतं. इंटरनेटवर तर तिघींचा पार गोपाळकाला झालाय. फोटो एकीचा, चित्रपटांची यादी दुसरीची आणि खाली श्रद्धांजली तिसरीला. दीदी जन्मल्या १९२८ साली. त्याच साली ही आधीची सुलोचना अनारकली होऊन पडद्यावर आली होती. हो, अनारकलीच. त्याकडे येतेच.

त्या रात्री मी तिच्यामागे लागले ते अजून सुटलेले नाही.

रुबी मायर्सचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. हे वाचलं आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं. आम्ही पुण्याचे लोक कोण कुठल्या वाड्यात जन्मलं, कोणत्या बोळात शिकवणी घ्यायचं याचे हिशेब तोंडपाठ ठेवतो. पण मूकपटांच्या काळातली देशातली सगळ्यात मोठी तारका आपल्या गावची, हे कधी कोणी सांगितलं नाही. कारण बहुधा असं की ती ‘आपल्या’ पुण्याची नव्हती. ती बगदादी ज्यू घरातली होती. म्हणजे कॅम्पातल्या पुण्याची. लाल देवळाच्या पुण्याची.

लाल देऊळ म्हणजे कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग. विटांच्या रंगावरून पुणेकरांनी त्याचं देऊळ करून टाकलं, आणि मला हे फार आवडतं. डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं. ते १८६४ साली पुण्यातच वारले, पुढे तीन वर्षांनी सिनेगॉग पुरं झालं आणि त्याच्याच आवारात त्यांची कबर आहे. ज्यांच्या नावाच्या इस्पितळात निम्मं पुणं कधी ना कधी जाऊन आलेलं असतं तेच हे ससून. आपल्याकडचे बेने इस्राएल वेगळे. ते कोकणातले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे. गावावरून आडनावं घेणारे. हिंदी सिनेमातले आपले डेव्हिड हे चेऊलकर होते ते त्यामुळेच. बगदादी मंडळी व्यापाराच्या निमित्ताने उशिरा आली, अरबी मागे टाकत इंग्रजीकडे वळली आणि कॅम्प-भायखळ्याच्या बाजूला राहिली. मराठीशी त्यांचा संबंध बाजारहाटापुरता. भाषेची ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे रुबीची गाडी अडली ती तिथेच.

पोटासाठी ती मुंबईत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत होती. विशीही गाठलेली नव्हती.

माई आत्याला तिच्याबद्दल जिव्हाळा आहे तो एवढ्यासाठीच. आत्या १९६९ साली टेलिफोन खात्यात लागली ती ट्रंक बोर्डावर. मी लहान असताना ती त्या बोर्डाचं वर्णन असं करायची की मला ते एखादं वाद्य वाटायचं. समोर भोकांची भिंत, खाली दोऱ्यांच्या जोड्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला पितळी प्लग. दिवा लागला की मागची दोरी त्या भोकात घालायची, “नंबर प्लीज” म्हणायचं, पुढची दोरी पलीकडच्या भोकात, चावी ओढून घंटी, चिठ्ठीवर वेळ टाकायची, तोवर दुसरा दिवा. कानाला हेडफोन, छातीवर टेकलेला माउथपीस. मागे सुपरवायझरची फेरी. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि आठपट पैसे मोजायची तयारी असेल तर लाइटनिंग कॉल. कोणी मेलंय की कोणाला मुलगा झालाय हे तिला त्या घरातल्या माणसांआधी कळायचं.

“पण आम्हाला कोणी बघितलेलं नसायचं,” आत्या म्हणते. “एक वकील रोज नागपूर मागायचे. चार वर्षं. आवाजानं ओळखायचे मला. पुढं एकदा बँकेत माझ्या मागंच रांगेत उभे होते. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. मी बोललेच नव्हते ना अजून!”

रुबीचं नेमकं उलटं झालं. बोर्डावरून तिला उठवलं ते तिच्या चेहऱ्याने.

ती ज्या काळात उठली तो काळ कसा होता बघा. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नव्हती. तारामती झाला तो उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके. त्याच साली ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. विक्रम गोखल्यांच्या या पणजी आणि आजी. एवढं होऊनही पुढे कित्येक वर्षं चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जाणं म्हणजे घराला काळिमा. त्यामुळे पडद्यावर आल्या त्या बहुतेक ज्यांच्या घराला त्या ‘चांगल्या’त फारसं कोणी मोजतच नव्हतं अशा. तमाशा-कोठीशी नातं असलेल्या, अँग्लो-इंडियन, ज्यू. सीतादेवीचं खरं नाव रेने स्मिथ. प्रमिलाचं एस्थर अब्राहम. पडद्यावर मात्र सगळ्या देव्या, बेगमा आणि सत्या.

तरीही कोहिनूर कंपनीचे मोहन भवनानी रुबीकडे आले तेव्हा तिने आधी नाहीच म्हटलं. ज्यू झाली तरी नोकरी करणारी सभ्य मुलगी होती, सिनेमात जाणं तिलाही बरं दिसत नव्हतं. भवनानींनी नेट लावला तेव्हा तयार झाली. अभिनयाचा गंध नव्हता. नाव मिळालं सुलोचना. रुबीचे डोळे फिकट तपकिरी होते. इंद्रजिताची बायको सुलोचना आपल्याकडे कीर्तनात पिढ्यान् पिढ्या ऐकलेली, त्यामुळे नाव लोकांच्या तोंडात होतंच. सुंदर डोळ्यांची ती सुलोचना. मला वाटतं, सिनेमावाल्यांनी ठेवलेल्या नावांत इतकं चपखल नाव दुसरं नसेल.

१९२५ सालच्या ‘वीरबाला’पासून ती दिसू लागली आणि वर्षभरात सगळीकडे तीच. १९२६ सालच्या होमी मास्तरांच्या ‘टेलिफोन गर्ल’मध्ये तिने चक्क टेलिफोन ऑपरेटरचंच काम केलं. त्याच वर्षी चंदुलाल शहांचा ‘टाइपिस्ट गर्ल’. याचं दुसरं नाव ‘मी ख्रिस्ती का झाले’ अशा अर्थाचं होतं. तेव्हा चित्रपटांना सर्रास दोन-दोन नावं असायची, एकाने गिऱ्हाईक आलं नाही तर दुसऱ्याने येईल म्हणून.

या नावांकडे जरा थांबून बघावंसं वाटतं. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत पडद्यावरच्या बाया म्हणजे तारामती, सीता, सावित्री. आणि आता एकदम टेलिफोनवाली, टंकलेखिका, ‘इंदिरा बी.ए.’ सकाळी ट्रामने हापिसात जाणारी, महिन्याला पगार आणणारी बाई. मुंबईत ती दिसायला लागली होती, पण तिच्याकडे नक्की कसं बघायचं हे कोणाला उमगलं नव्हतं. घाबरायचं, हसायचं, की तिच्यावर लट्टू व्हायचं? सिनेमावाल्यांनी तिकीट लावून तिन्हीची सोय केली. आणि त्या भूमिकेला हवी होती अशी मुलगी की जिला हे सगळं करून दाखवावं लागत नाही, जी कालपर्यंत खरंच तशी हापिसात जात होती. चंपी करणारा न्हावी न्हाव्याचं काम सगळ्यात चांगलं करणार, तसंच हे.

थिएटरात काय होत असेल याचा मी विचार करते. पडद्यावर तिचे ओठ हलतायत. मग पाटी येते, इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू, कधी मराठी. ज्याला वाचता येतं तो शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाचतो, म्हणजे एकाच वेळी चार भाषांत गलका. पडद्यासमोर पेटी-तबला. तिचा आवाज प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलेला. मराठी माणसाच्या कानात ती मराठी बोलत असणार, गुजराती माणसाच्या कानात गुजराती. असं भाग्य नंतर कोणत्या नटीला मिळालं?

कोहिनूरमधून ती अर्देशिर इराणींच्या इंपीरियलमध्ये गेली आणि १९२७ साली आला ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. दिग्दर्शक भवनानीच. यात तिने एकटीने आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, गोरी मड्डम, केळी विकणारी म्हातारी, खिसेकापू… फाळक्यांच्या काळात पुरुष बाई होत होते, चौदा वर्षांत बाई पोलीस झाली. याचा कोणी फार गाजावाजा केल्याचं दिसत नाही, पण मला तो हैदराबादी गृहस्थ बघायचाय. मिशा कशा लावल्या असतील तिने? शेरवानीत चालताना हात कुठे ठेवले असतील? जुन्या मुंबईतली ती केळीवाली तिने कोणत्या नाक्यावर बघून उचलली असेल?

दुसऱ्याच वर्षी ‘अनारकली’. झालं असं की ग्रेट ईस्टर्न नावाच्या कंपनीने सीतादेवीला घेऊन अनारकलीच्याच कथेवर मोठ्या खर्चाचा चित्रपट काढायला घेतला होता. इंपीरियलला कुणकुण लागली. आर. एस. चौधरींनी सुलोचनाला घेऊन झपाट्याने आपला ‘अनारकली’ उरकला, त्यांच्याआधी थिएटरात लावला आणि मैदान मारलं. हा धंदा तेव्हापासून असाच आहे, आपल्याला उगाच वाटतं की पूर्वी सगळे साधू होते. त्याच वर्षी ‘माधुरी’ही आला. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत असा एक छोटा चित्रपट दाखवताना इंपीरियलने त्याला ‘माधुरी’तला सुलोचनाचा गाजलेला नाच जोडला होता, तोही आवाजाची जोड देऊन. पुढे खादी, मागे सुलोचना. गर्दी कोणासाठी जमली हे विचारू नये.

आता त्या प्रसिद्ध पगाराबद्दल. तिच्यावर कुठेही चार ओळी लिहिलेल्या असोत, त्यात हे वाक्य असतंच, की तिला महिना पाच हजार रुपये मिळायचे आणि मुंबईच्या गव्हर्नरलाही तेवढा पगार नव्हता. आत्यानेही मला हेच सांगितलं होतं. मला राहवेना. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नरांचे पगार छापलेले आहेत, त्यात मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे महिन्याला दहा हजार. तिच्या दुप्पट.

मी हे आत्याला सांगितलं तर ती माझ्यावरच रागावली. “तुला काय मिळालं गं हे शोधून?”

खरंच, काय मिळालं? पाच हजार तरी काय थोडे होते त्या काळात? पण मला वाटतं, लोकांनी ती कथा उगाच नाही रचली. एक बाई, तीही काल टेलिफोनच्या बोर्डावर बसणारी, एवढा पैसा मिळवते, तो मोजायचा कशाशी? गिरणी कामगाराशी तुलना होईना, हेडमास्तराशी होईना. मग सरळ मलबार हिलवरच्या लाटसाहेबाशी केली. त्यात कौतुक होतं आणि किंचित असूयाही. शेवरलेट गाडी स्वतः चालवत ती निघाली की लोक बघत राहायचे, तेव्हाही मनात दोन्ही असणारच.

१४ मार्च १९३१. गिरगावात मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. सिनेमा बोलू लागला. काढला होता इंपीरियलने, म्हणजे सुलोचनाच्याच कंपनीने, आणि नायिका होती झुबेदा. असं सांगतात की इराणींच्या मनात आधी सुलोचनाच होती, पण तिला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं. कंपनीची सगळ्यात महागडी तारका, आणि कंपनी इतिहास घडवत असताना ती बाहेर बसलेली. केनेडी पुलाजवळ रूळांना लागून तो स्टुडिओ. गाड्यांचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून शूटिंग रात्री, लोकल थांबल्यावर चालायचं. तोवर स्टुडिओत कोणी कितीही आरडाओरडा केला तरी चालत होतं, चित्रीकरण सुरू असताना दिग्दर्शक कर्ण्यातून सूचना द्यायचा. आता सगळे चिडीचूप, आणि मूकपटाच्या राणीला घरी बसायची पाळी.

मला तिचं मोठेपण दिसतं ते इथे. रडत न बसता तिने वर्षभर सुट्टी घेतली आणि हिंदुस्थानी शिकली. पंचविशीच्या आसपास, देशातली सगळ्यात नावाजलेली नटी असताना, पुन्हा पाटी-पेन्सिल. आणि १९३२ साली ‘माधुरी’च बोलपट करून परत आली. त्यात तिच्यासोबत कोण होतं माहीत आहे? पलुसकरांचे शिष्य, पंडित विनायकराव पटवर्धन. त्याच साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्या बुवांच्या पुस्तकांवरून माझ्या आईने भूप आणि दुर्गा घोटले, ते बुवा रुबी मायर्ससोबत पडद्यावर! हे सांगितल्यावर आईचा विरोध जरा मावळला. त्यानंतर ती रुबीला “ती बाई” म्हणायची बंद झाली.

मग एकामागून एक जुन्या मूकपटांना आवाज मिळाला. १९२९ ची ‘इंदिरा बी.ए.’ १९३४ साली ‘इंदिरा एम.ए.’ झाली. पाच वर्षांत पुढची पदवी, वेळापत्रकाप्रमाणे. १९३५ मध्ये पुन्हा ‘अनारकली’, पुन्हा चौधरीच दिग्दर्शक. १९३६ मध्ये वाइल्डकॅटची ‘बम्बई की बिल्ली’. जोडीला बहुतेक वेळा दिनशॉ बिलिमोरिया. १९३३ ते १९३९ ती दोघं एकमेकांखेरीज जवळजवळ कोणासोबत दिसलीच नाहीत. पडद्याबाहेरही जोडी होती, ती मोडली आणि दोघांचीही गाडी घसरली. त्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मला त्यात रस नाही. तिने स्वतःची रुबी पिक्स नावाची कंपनी काढली होती, तीही फार चालली नाही. नव्या पोरी आल्या होत्या, गाणाऱ्या, लखनवी उर्दू बोलणाऱ्या. शिकून आलेली भाषा आणि आईच्या पोटातून आलेली भाषा यांतला फरक माइकला लगेच कळतो.

१९४७ च्या ‘जुगनू’ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दिलीप कुमार-नूरजहाँचा हा चित्रपट. त्यात सुलोचनाची भूमिका वयस्क बाईची, आणि एक प्रौढ प्राध्यापक तिच्यावर भाळतो असं दाखवलंय. मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई. सरकारने चित्रपटावर बंदी घातली, आणि आक्षेपांत हे भाळणंही होतं. तरुणांनी प्रेमात पडलेलं चालतं, पण चाळिशीतल्या बाईवर चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक भाळला तर नीती बुडते! मी हे आमच्या घरी चहाच्या वेळी सांगितलं तर माझ्या नवऱ्याने, तो प्राध्यापक आहे, शांतपणे बिस्किट बुडवलं आणि म्हणाला, “मोरारजींना आमच्या खात्याची बरीच माहिती दिसते.”

पुढे आया, सासवा, राण्या, पार्टीतल्या मड्डमा. छोटी-छोटी कामं. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. देविका राणीनंतर तो मिळालेली ती दुसरी बाई. इस्माईल मर्चंटनी १९७४ साली ‘महात्मा अँड द मॅड बॉय’ नावाचा छोटा चित्रपट केला, त्यातही ती आहे. म्हणजे गांधींच्या शेजारी दुसऱ्यांदा. १९७८ च्या ‘खट्टा मीठा’त शेवटची दिसते. १९८३ साली मुंबईत गेली. गाजावाजा नाही, काही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मी तिचे मूकपट बघायला निघाले होते. आणि ते नाहीत.

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले असं मानतात. उरलेत ते मोजके, त्यातलेही बरेच तुकड्यातुकड्यांत. ‘टाइपिस्ट गर्ल’ नाही. ‘वाइल्डकॅट’ नाही. ‘इंदिरा बी.ए.’ नाही. १९२८ ची ‘अनारकली’ नाही. तो हैदराबादी गृहस्थ मला कधीच दिसणार नाही. फिल्म तेव्हा नायट्रेटची असायची. आपल्या हवेत ती आंबायची, चिकट व्हायची, भुगा व्हायची, आणि एकदा पेटली की पाण्यालाही ऐकायची नाही. जी नैसर्गिक मरणाने गेली नाही तिच्यात चांदी होती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ साली सुरू झालं. ते ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायरांनीच सांगितलेला किस्सा आहे. ते अर्देशिर इराणींना भेटायला गेले आणि ‘आलम आरा’बद्दल विचारलं. म्हातारे म्हणाले, कंपनीत दोन-तीन रिळं असतील. मुलाने नायरांना बाजूला घेऊन सांगितलं, की ती रिळं त्याने स्वतःच चांदी काढून विकून टाकलीत, वडिलांना माहीत नाही.

हे ऐकल्यावर राग यायला हवा. मला नाही आला. आमच्या आजीच्या पैठणीची आम्हीही जरच काढून विकली होती, लक्ष्मी रोडला. पैठणीचं काय करणार, कपाटात जागा नव्हती.

आणि मग जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारात, प्रभातच्या जुन्या वास्तूत जिथे नायट्रेट फिल्म ठेवली होती, तिथे आग लागली. जे उरलं होतं त्यातलंही पुष्कळ गेलं. मी तेव्हा डेक्कनला राहत होते. धूर दिसला होता का, आठवत नाही.

गणपती झाल्यावर मी माई आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. १९५३ चा ‘अनारकली’ काही अडचण न होता मिळतो. चितळकर अण्णांची गाणी आत्याने मला पळवू दिली नाहीत, त्यामुळे वेळ लागला. मग जोधाबाई आली. गळाभर दागिने, डोईवर ओढणी. मी तिच्याकडे बघत होते. जिने पंचवीस वर्षांपूर्वी हीच अनारकली केली, अठरा वर्षांपूर्वी पुन्हा केली, ती आता पलीकडे उभी राहून दुसऱ्या मुलीला अनारकली होताना बघतेय, आणि काम काय, तर त्या मुलीच्या प्रियकराची आई. मी चित्र थांबवलं, डोळे मोठे करून पाहिले. काळ्या-पांढऱ्यात तपकिरी कुठून कळणार?

आत्या मात्र बघतच नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एक डोळा झाकून बसायची सवय लागलीये, तशी ती बसली होती, मान थोडी कलती, कान पुढे. पन्नास वर्षांपूर्वी बोर्डावर अशीच बसत असणार.

“थांबवू नको,” ती म्हणाली. “आवाज वाढव जरा.”

मी वाढवला. जोधाबाई उर्दूत बोलत होती. आत्याने दोन-तीन वाक्यं पूर्ण ऐकली. मग मला मागे न्यायला लावून पुन्हा ऐकली.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “शब्द सुटे येतात. बोर्डावर चालला असता.”

मग तिने चहा टाकायला सांगितलं, साखर कमी.